माग, गिरणी आणि सरकता पट्टा : उत्पादन-पद्धतींचा तुलनात्मक विचार

वस्तू कशी तयार होते, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कापड घेताना त्याचा भाव, रंग आणि टिकाऊपणा पाहतो. ते कोणत्या पद्धतीने विणले गेले आणि विणणाऱ्याच्या वाट्याला किती ज्ञान, किती मोबदला व किती सन्मान आला, हे कापडावर लिहिलेले नसते. वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकांत उत्पादन-पद्धतींची तुलना असते. परंतु ती बहुधा खर्चापाशी सुरू होते आणि खर्चापाशीच संपते. इतिहासाचे अभ्यासक या नात्याने आम्हांला ती तुलना अपुरी वाटते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी कोणी कारखान्यात आहेत, कोणी कंत्राटी कामावर आहेत, कोणी स्वतःचा लहानसा उद्योग उभारू पाहत आहेत. त्यांच्या दृष्टीने हा विषय परीक्षेतील काही गुणांपुरता नाही. तो रोजच्या भाकरीचा आहे. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही प्रामुख्याने कापडाच्या धंद्याचे आणि आवश्यक तेथे मोटारीच्या कारखान्याचे उदाहरण घेऊन या पद्धतींची तुलना मांडत आहोत. ती करताना खर्चाच्या जोडीला आणखी दोन प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. पहिला : या कामात प्रवेश कोणाला आहे? दुसरा : चुकत असलेले काम थांबवण्याचा अधिकार कोणाला आहे?

चार पद्धती

उत्पादनाच्या मुख्य पद्धती चार मानता येतील. वसतिगृहाच्या भोजनगृहात वावरलेल्या आमच्या वाचकांना त्या स्वयंपाकघरातूनच समजावून देणे सोपे जाईल.

भाकरी एकेक थापावी लागते. प्रत्येक भाकरीवर करणाऱ्याचा हात फिरतो आणि खाणाऱ्याच्या सांगण्याप्रमाणे ती जाड वा पातळ करता येते. हे एकेका नगाचे, मागणीबरहुकूम उत्पादन. भजी मात्र घाण्याने तळली जातात. एक घाणा कढईत सोडायचा, तो निघाला की दुसरा. कांद्याच्या भज्यांनंतर बटाट्याची करायची तर मधे थोडी जुळवाजुळव करायची. इंग्रजी पुस्तकांतील ‘बॅच’ म्हणजे आपला हा घाणा. तिसरी पद्धत पोळ्यांच्या यंत्राची. एका टोकाला कणीक घातली की दुसऱ्या टोकाला पोळ्या पडत राहतात. वेग प्रचंड, पण पोळी एकाच मापाची. हे सलग, प्रचंड प्रमाणावरील उत्पादन. चौथी पद्धत पंगतीवर नजर ठेवून स्वयंपाक करणाऱ्याची. ताट रिकामे होऊ लागलेले दिसले की पोळी तव्यावर पडते. आधी थप्पी लावून ठेवायची नाही आणि ताट अडूही द्यायचे नाही. उद्योगाच्या परिभाषेत हिला गरजेपुरते, वेळेवरचे उत्पादन म्हणतात.

खर्चाचे गणित

आता खर्चाचा विचार करू. पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, शाळेच्या गणवेशाचा एक सदरा शिंप्याकडे मापावर शिवून घेतला तर ३०० रुपये पडतात. एकाच मापाचे अनेक सदरे एकदम बेतून घाण्याने शिवले, तर नमुने आणि बेतणी यांचा एकदाच येणारा खर्च ५,००० रुपये आणि प्रत्येक सदऱ्यामागे २०० रुपये. शिलाईची पूर्ण साखळी उभारली, तर यंत्रसामग्रीसाठी ५,००,००० रुपये आणि पुढे प्रत्येक सदऱ्यामागे १२० रुपये.

दहाच सदरे हवे असतील, तर शिंपी ३,००० रुपयांत काम करतो. घाण्याला ७,००० रुपये लागतात आणि साखळीचा तर विचारच नको. पन्नास सदऱ्यांना शिंपी आणि घाणा दोन्ही १५,००० रुपयांवर बरोबरीला येतात. हजार सदऱ्यांना घाणा निर्विवाद स्वस्त. साधारण ६,२०० सदऱ्यांच्या पुढे गेल्यावर मात्र साखळी घाण्यालाही मागे टाकते. म्हणजे कोणतीही पद्धत मुळात स्वस्त किंवा महाग नसते. नग किती हवेत, यावर ते ठरते. लहान उद्योग काढणाऱ्याने मोठ्या यंत्रासाठी कर्ज काढण्यापूर्वी हे गणित कागदावर मांडावे. मागणी दोन हजारांची आणि यंत्र दहा हजारांचे, अशा विसंगतीत अनेक होतकरू धंदे बुडतात.

येथपर्यंतचा हिशेब पाठ्यपुस्तकात मिळतो. आमचे दोन प्रश्न यापुढे सुरू होतात.

हातमाग : ज्ञान हातात, दार जन्माचे

येवल्याची पैठणी हे पहिल्या पद्धतीचे उत्तम उदाहरण. उभे धागे मागावर ताणलेले, आडव्या रंगीत रेशमाच्या लहान लहान कांड्या, आणि विणकराच्या बोटांतून उतरणारा मोर किंवा आसवली. नक्षी जितकी दाट तितके दिवस अधिक. एका पैठणीला काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत वेळ लागतो. येथे कामाचे संपूर्ण ज्ञान विणकरापाशी असते. धागा तुटला तर तोच हात थांबतो, तोच सांधतो. काम थांबवण्याचा अधिकार जवळजवळ पूर्ण असतो. व्यापाऱ्याचे सूत, रेशीम आणि उचल अंगावर असेल, तर मात्र तो अधिकारही कर्जाखाली दबतो.

प्रवेशाचे काय? साळी, कोष्टी, मोमीन यांच्या घरांत जन्मलेल्याला माग वारशाने मिळे. विदर्भात महार समाजातील अनेक कुटुंबे विणकाम करीत. पण त्यांच्या मागावर प्रामुख्याने जाडेभरडे कापडच उतरे. कौशल्य हातात होते, त्याची पायरी मात्र जन्माने ठरलेली होती. हस्तोद्योगाच्या गौरवात ही बाजू पुष्कळदा झाकली जाते.

गिरणी : दार उघडे, आतील दालन बंद

१७७६ साली ॲडम स्मिथ यांनी टाचणीच्या कारखान्याचे उदाहरण देऊन श्रमविभागणीचे सामर्थ्य दाखवले. टाचणी करण्याची सुमारे अठरा कामे दहा माणसांत वाटली, की दिवसाला ४८,००० टाचण्या तयार होतात. एकट्याने सगळी कामे केली तर वीसदेखील होणे कठीण. आपल्याकडे हे तत्त्व मोठ्या प्रमाणावर आणले ते कापड गिरण्यांनी. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिचे काम सुरू झाले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. कापूस पिंजणे, पेळू करणे, सूत कातणे, पाजणी, विणाई, रंगाई अशी खाती पडली आणि प्रत्येक खात्याचा कामगार वेगळा झाला.

गिरणीच्या दारावर जात विचारली जात नव्हती, असे वरवर पाहता वाटते. खेड्यातील बलुत्याच्या अपमानापासून सुटण्यासाठी अस्पृश्य मानलेल्या समाजातील हजारो माणसे मुंबईला आली आणि गिरणीत लागली. परंतु आत गेल्यावर भिंत होतीच. सूत कातण्याच्या रिंग खात्यात त्यांना काम मिळे. अधिक मजुरीच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, मिळत नसे.

याचे कारण सांगितले जाई ते धाग्याचे. धोट्यातील कांडी संपली, की नवी कांडी बसवून तिच्या सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. मग अस्पृश्याने ओढलेला धोटा सवर्णाने कसा ओढावा? तोंडाने सूत ओढणे सगळ्यांच्याच प्रकृतीला अपायकारक होते, आणि तोंड न लावता ओवता येणारे धोटे त्या काळी इतर देशांत वापरातही होते. अडचण वस्तूची होती, उपायही वस्तूचा उपलब्ध होता. तरीही आपल्या समाजाने धोटा बदलला नाही. माणसे बाहेर ठेवली. आधुनिक उत्पादन-पद्धती आली म्हणजे जुना समाज आपोआप मोडतो, असे मानणाऱ्यांनी या एका धोट्याचा इतिहास अवश्य अभ्यासावा.

१९२८ साली मुंबईत गिरणी कामगारांचा सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी साचेखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश मिळण्याची मागणी संपाच्या नेत्यांपुढे आग्रहाने ठेवली. मालकाविरुद्ध एकजूट हवी असेल, तर कामगारांनी आधी आपसांतील भिंत पाडली पाहिजे, ही त्यामागील भूमिका होती. पुढे १९३६ मध्ये ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात त्यांनी श्रमांची वाटणी आणि श्रमिकांची वाटणी यांतील भेद स्पष्ट केला. टाचणीच्या कारखान्यातील वाटणी कामाची असते आणि आज तार ओढणारा उद्या टोक घासू शकतो. साचेखात्यातील वाटणी माणसांची होती.

फोर्ड : वेग यंत्राचा, श्वास माणसाचा

गिरणीत कामे वाटली गेली, तरी माल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टप्प्याटप्प्याने जाई. अखंड प्रवाहाची कल्पना परिपूर्ण झाली ती अमेरिकेत, मोटारीच्या कारखान्यात. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ मध्ये बाजारात आली. १९१३ मध्ये डेट्रॉइटजवळील हायलंड पार्क कारखान्यात त्यांनी सरकत्या साखळीवर जोडणी सुरू केली. कामगाराने गाडीकडे जायचे नाही. गाडीच कामगारापुढून सरकत जाणार आणि त्याने आपला एकच खिळा किंवा नट बसवायचा. सांगाडा जोडायला पूर्वी सुमारे साडेबारा तास लागत. वर्षभराच्या आत तेच काम ९३ मिनिटांवर आले. १९०८ मध्ये ८५० डॉलरना मिळणारी गाडी १९२० च्या दशकाच्या मध्यास ३०० डॉलरच्याही खाली आली. सामान्य माणसाला मोटार परवडू लागली, हे या पद्धतीचे निर्विवाद यश होय.

त्याची किंमत कोणी मोजली? १९१३ मध्ये त्या कारखान्यातून काम सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण इतके वाढले, की वर्षभरात एकेका जागेवर सरासरी तीन-चार वेळा माणूस नेमावा लागला. माणसे वेगाला आणि कंटाळ्याला विटली होती. जानेवारी १९१४ मध्ये फोर्ड यांनी आठ तासांच्या कामाला पाच डॉलर रोज जाहीर केला, त्यामागे औदार्यापेक्षा ही गरज अधिक होती. कामगाराचे ज्ञान एका नटाएवढे उरले होते. साखळी थांबवणे त्याच्या हाती नव्हते. सदोष जोडणी पुढे सरकत राहायची आणि दुरुस्ती शेवटी व्हायची.

प्रवेशाच्या बाबतीत फोर्ड पुष्कळ मालकांपेक्षा उदार होते. पुढे रिव्हर रूज येथील त्यांच्या विशाल कारखान्यात हजारो कृष्णवर्णीय कामगार होते. मात्र त्यांतील बहुसंख्यांची नेमणूक होई ती ओतशाळेत, जेथे उष्णता, धूळ आणि धोका सर्वाधिक. मुंबईचे साचेखाते आणि डेट्रॉइटची ओतशाळा यांत सात समुद्रांचे अंतर आहे. पण दार उघडून दालन बंद ठेवण्याची रीत एकच.

या पद्धतीचा आणखी एक दोष म्हणजे ताठरपणा. दीड कोटीहून अधिक गाड्या बनवल्यानंतर १९२७ मध्ये ‘मॉडेल टी’ बंद करून नवी गाडी आणायची वेळ आली, तेव्हा यंत्रसामग्री बदलण्यासाठी कारखान्याचे उत्पादन काही महिने बंद राहिले. जी पद्धत एकच वस्तू अत्यंत स्वस्त करते, तिला दुसरी वस्तू करणे अत्यंत महाग पडते.

टोयोटा : तुटलेल्या धाग्याचा धडा

चौथ्या पद्धतीचे मूळ पुन्हा मागापाशी आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये एक स्वयंचलित माग पूर्ण केला. धागा तुटला की तो माग आपोआप थांबे. तोपर्यंत धागा तुटूनही माग चालू राहिला, तर वारच्या वार सदोष कापड निघे. म्हणून प्रत्येक मागावर सतत नजर ठेवावी लागे. या मागाचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. याच घराण्याने पुढे १९३७ मध्ये टोयोटा मोटार कंपनी स्थापन केली. तेथील उत्पादन-पद्धतीचे प्रमुख शिल्पकार ताइची ओनो हेही आधी टोयोडांच्या कापड कंपनीतच होते.

महायुद्धानंतरच्या जपानमध्ये बाजार लहान, भांडवल तुटपुंजे आणि गाड्यांचे प्रकार अनेक. फोर्डप्रमाणे एकाच गाडीचे लाखो नग काढून गोदामे भरणे शक्य नव्हते. ओनो यांनी दोन गोष्टी केल्या. पुढच्या टप्प्याला जितके लागेल तितकेच मागच्या टप्प्याने बनवायचे, आणि पत्रा दाबण्याच्या यंत्रातील ठसे बदलायला लागणारे दोन-तीन तास काही मिनिटांवर आणायचे. त्यामुळे लहान घाणेही परवडू लागले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मागाचे तत्त्व त्यांनी माणसांना लावले. साखळीवरील कोणत्याही कामगाराला दोष दिसला, तर दोरी ओढून सूचना देण्याचा आणि दोष दूर होत नसेल तर साखळी थांबवण्याचा अधिकार मिळाला. फोर्डच्या कारखान्यात साखळी थांबणे हा अपराध होता; येथे दोष पुढे ढकलणे हा अपराध ठरला.

ही पद्धत निर्दोष आहे, असे आमचे म्हणणे नाही. साठा न ठेवल्यामुळे एक दुवा तुटला तर सर्व अडते. १९९७ मध्ये सुटे भाग पुरवणाऱ्या आयसिन कंपनीच्या एका कारखान्याला आग लागली आणि टोयोटाचे बहुतेक कारखाने काही दिवस ठप्प झाले. शिवाय मोठ्या कंपनीने साठा ठेवायचे टाळले, की त्याचा भार पुष्कळदा लहान पुरवठादारावर आणि तेथील हंगामी कामगारावर पडतो. दोरी ओढण्याचा अधिकार कायम कामगाराला जितका निर्धास्तपणे वापरता येतो, तितका कंत्राटी कामगाराला वापरता येईलच असे नाही.

आजचा यंत्रमाग

या चारही पद्धतींचे अंश आजच्या महाराष्ट्रात एकत्र नांदताना दिसतात. इचलकरंजीत १९०४ च्या सुमारास पहिला यंत्रमाग आला. भिवंडी आणि मालेगाव ही दुसरी मोठी केंद्रे. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्या संपानंतर गिरण्या खचत गेल्या आणि कापडाचे उत्पादन अधिकाधिक यंत्रमागांकडे वळले. येथे उत्पादन घाण्याने चालते. व्यापारी सूत देतो, खर्चीवाला यंत्रमागधारक विणून देतो, मजुरीचा दर पिकावर म्हणजे आडव्या धाग्यांच्या संख्येवर ठरतो, आणि कामगाराला जेवढे कापड निघेल तेवढाच पैसा. एक कामगार अनेक माग सांभाळतो. माग थांबला की मजुरी थांबते. अशा कामगाराला थांबवण्याचा अधिकार कागदावर असला, तरी पोट तो वापरू देत नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाना कायद्यातील दुरुस्तीने आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. आज यंत्रमागाच्या अनेक शेडमध्ये बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. मोठा कारखाना मोडून त्याचे लहान लहान तुकडे झाले, की त्या कारखान्यासाठी लढून मिळवलेला कायदाही तुकड्यांच्या फटींतून गळून जातो. पद्धत बदलली की हक्क पुन्हा मिळवावे लागतात, हा या इतिहासाचा कठोर धडा आहे.

निष्कर्ष

या तुलनेतून तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, एकच पद्धत सर्वश्रेष्ठ नसते. थोडे आणि विविध हवे तेथे हात व घाणा, पुष्कळ आणि एकसारखे हवे तेथे साखळी. दुसरी, पद्धती सतत बदलत असतात. बाबासाहेबांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की उद्योग स्थिर राहत नाही, त्यात उलथापालथ होते आणि अशा वेळी माणसाला धंदा बदलण्याचे स्वातंत्र्य नसेल तर तो उपाशी मरतो. जातिव्यवस्था हे स्वातंत्र्यच नाकारते. म्हणून आपल्या मुलांना एखादे यंत्र चालवायला शिकवणे पुरेसे नाही; एक यंत्र गेले तर दुसरे शिकता येईल इतके गणित, इतकी भाषा आणि इतका आत्मविश्वास त्यांना मिळाला पाहिजे. निवासी शाळेचे प्रयोजन आम्ही असेच समजतो.

तिसरी गोष्ट आमच्या माजी विद्यार्थ्यांसाठी. आपण कामगार असाल तर आपल्या कारखान्याला, आणि मालक झाला असाल तर स्वतःला, ते दोन प्रश्न विचारावेत. आपल्याकडील सर्वाधिक मजुरीचे काम कोणाला मिळते, आणि कोणाला ते कधीच मिळालेले नाही? आणि सर्वांत खालच्या जागेवरील माणसाने ‘येथे चुकते आहे, थांबा’ असे म्हटले, तर काम थांबते की त्या माणसाला घरी पाठवले जाते? मुंबईच्या साचेखात्यात धाग्याच्या निमित्ताने माणसे बाहेर ठेवली गेली. जपानमध्ये त्याच तुटलेल्या धाग्यातून कामगाराला साखळी थांबवण्याचा अधिकार मिळाला. धागा दोन्हीकडे कापसाचाच होता. त्याच्याभोवती कोणता समाज विणायचा, हे माणसांनी ठरवले होते. आपल्या कारखान्यांत आणि कार्यशाळांत ते आता आपल्याला ठरवायचे आहे.